काहिलीत बसून गाळ मोजला त्याची गोष्ट

बातमी पाठवली की संपादक तिच्यातला जीव काढून घेत आणि उरलेल्या चार ओळी छापत. काढलेलं सगळं माझ्याकडे पडून राही. तुळजापूर तालुक्यातल्या एका तलावाची पहिली बातमी छापून आली ती एवढीच : ‘तलावातील गाळाची मोजणी पूर्ण.’ बाकीचं आता सांगतो, कारण माझा राग अजून गेलेला नाही!

तलावाचा बांध मावळतीला. बांधातल्या मोरीतून धड पाणी येईना. मोरीखाली सोनाबाईचं चार एकर रान. मागच्या रब्बीत तिचा गहू उभा वाळला. पावसाळ्याआधी मोरीपुढचा गाळ काढा, एवढंच तिचं म्हणणं. पाटबंधारे खातं म्हणालं, गाळ आहे की नाही ते आधी मोजू.

*

मोजायला होडी हवी. खात्याकडे होडी नव्हती, होडीच्या मागणीचा कागद होता. शेवटी गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील आणली. ओव्हरसियर जोशी नुकतेच पुण्याहून आलेले. त्यांनी त्या गोल काहिलीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

“हिचं पुढचं तोंड कुठलं?”

तलावात जन्मभर मासे धरणारे धोंडिबा म्हणाले, “तुमी बसाल तिकडचं, सायब!”

*

धोंडिबा बांबू रोवून काहील एका जागी धरीत. पण मोजणी खात्याच्या माणसानंच करायची, असा नियम निघाला. जोशींनी धोंडिबांना काठावर बसवलं आणि स्वतः वल्हं घेतलं. वीस वल्ही मारली की एक ठिकाण, असा हिशेब. मान वहीत. इकडे उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा काहिलीला गरगर फिरवीत उगवतीच्या काठाला नेऊन लावी. मोजणीचा गज तळाला सोडला की वाळू. पुन्हा वीस वल्ही, पुन्हा वाळू!

मान वर केली की दर वेळी समोर एक वाकडी बाभळ. जोशींनी शेऱ्यात लिहिलं, “तलावाच्या चोहोबाजूंस वाकड्या बाभळी आहेत.”

*

मी कॉलेज शिकलेला. धोंडिबांना म्हटलं, “वारा म्हणजे उफणणी. जड ते जवळ पडणार, हलकं ते लांब जाणार. म्हणजे गाळ उगवतीला, वाऱ्यापुढं जायला हवा.”

“वरच्या पाण्याचं बरूबर हाय,” धोंडिबा म्हणाले. “वारा त्याला उगवतीला ढकलतो. तिथं काठावर लाटा आपटतात, माती उकरतात. जड वाळू तिथंच ऱ्हाती. पर ढकललेलं पाणी जाईल कुठं? तळातनं माघारी फिरतं, मावळतीला. येताना गाळ घिऊन येतं अन् बांधाच्या आडोशाला, मोरीपुढं टाकतं. तितं पानी निवांत.”

“हे कोणी शिकवलं?”

“पायानं. तुमचं कॉलेज किती वर्षांचं?”

“चार.”

“मग व्हय. आनिक दोन केली असती तर तळाला पोचला असता!”

*

रिपोर्ट आला : तलावात सर्वत्र वाळू, गाळ आढळत नाही. चावडीत तो मोठ्यानं वाचून दाखवला. सोनाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“मग माझ्या मोरीत काय आडकलंय, सरकार?”

मी हेच लिहून पाठवलं आणि या वेळी ते छापून आलं. खात्याचा खुलासा आला : ‘सदर वार्ताहर स्वतः तलावात उतरले नव्हते.’ मी उलट खुलासा पाठवला : ‘खातं उतरलं होतं, पण वाऱ्यानं नेलं तिथंच!’ संपादकांनी तेवढंच वाक्य कापलं.

*

शेवटी जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. पाणी आटलेलं. मोरीपुढची जागा वरून वाळून भेगाळलेली, खणखणीत दिसत होती. साहेबांनी बूट पुढं केला.

धोंडिबा ओरडले, “सायब, तितं नगं!”

“रिपोर्टात इथं वाळू आहे,” साहेब म्हणाले आणि उतरले. दोन पावलं गेले. तिसरं पाऊल वर आलंच नाही.

“अरे, हात द्या!”

धोंडिबा बांबू घेऊन निघाले. पण त्यांच्याआधी रहीमभाई पुढं झाले. निजामाच्या वेळेपासून दप्तर सांभाळणारे कारकून. त्यांच्या समोर जे घडलं, ते नोंदल्याशिवाय राहिलं नव्हतं. त्यांनी काठावर बसकण मारली, वही उघडली, टाक बुडवला.

“हुजूर, मोरीपुढं गाळ, असं लिहू ना?”

“लिहा! लिहा! पण मला ओढा!”

“खोली किती लिहू हुजूर? मघाशी घोटा होता, आता गुडघ्याच्या वर गेलाय.”

“रहीमभाई, आधी बाहेर काढा मला!”

धोंडिबांनी बांबू पुढं केला. तेवढ्यात बांधावरून सोनाबाईचा आवाज आला, “आवो धोंडिबा, थांबा की वाईच! सायबाचा पाय तळाला तर लागू द्या!”