भूपाळीतला गाळलेला शब्द

नेलपॉलिशचा वास आला की मला आमच्या गंगेकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरातली एक पहाट आठवते. मी सातवीत होते. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तिचा आवाज एकाच कॅसेटवर उरला होता, भूपाळी म्हणतानाचा. बाबा रोज गंगेवरून आंघोळ करून आले की ती लावत, मगच पूजेला बसत. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. आदल्या दुपारी मी एकटीनंच ती ऐकायला लावली आणि फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतली. चुरगळलेला बोटभर तुकडा मी कात्रीनं कापला, आईच्याच नेलपॉलिशनं टोकं चिकटवली आणि पेन्सिलीनं फीत गुंडाळून ठेवली. पहाटे बाबा आले, त्यांनी बटण दाबलं. मी पांघरुणातून ऐकत होते. दुसऱ्या कडव्यात आईचा आवाज अडखळला आणि एक शब्द गिळून पुढे गेला. बाबांनी टेप बंद केली. “इकडे ये.” मी समोर जाऊन उभी राहिले. “फँस गया था,” मी पुटपुटले; घाबरले की माझ्या तोंडून शाळेतली, गल्लीतली हिंदीच निघायची. माझ्या बोटांवरचे लाल डाग ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आवाज तर राहिला ना,” आणि पूजेला बसले. गंध उगाळताना ते तीच भूपाळी गुणगुणत होते, तो शब्द गाळून. पुढे मी ती भूपाळी कितीतरी नावाजलेल्या गायिकांकडून ऐकली. दुसऱ्या कडव्यात तो शब्द आला की मला अजूनही वाटतं, या चुकल्या.