पाट्याचा मारुती

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं चौथीतच भांडण झालं. ही वही कुणी उघडलीच, तर माफ करावं.

आमची वस्ती तीन घरांची. निजाम सरकारच्या दप्तरात तिला नाव नव्हतं. अलीकडचं गाव म्हणे ती पलीकडच्याची, पलीकडचं म्हणे अलीकडच्याची. (सारा वसूल करायला मात्र दोन्हीकडचे येत!)

माझ्या लग्नाचं वऱ्हाड बांधावर आलं आणि नवऱ्याचे चुलते, तात्या, गाडीतून उतरेचनात.

"नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडंल. कुठाय मारुती?"

"आमच्यात न्हाई," माझे वडील, आबा, म्हणाले.

"मारुती न्हाई ते गाव न्हाई! अन् गाव न्हाई तर नवरी कुठली? फिरवा रे गाड्या!"

आईनं डोळ्याला पदर लावला. मी जन्माची मुखदुर्बळ; पण त्या दिवशी नेमकी अक्कल पाजळली. आबांच्या कानात म्हणाले, "आबा, पाटा उभा करा की!"

आबांनी मागच्या दारानं पाटा नेला, बोरीखाली रोवला, शेंदूर फासला. नवरदेवानं लोटांगणच घातलं! तात्यांनी नारळ फोडला. "लहान हाय, पण जागृत दिसतो."

लग्न लागलं. अक्षता खाली पडतात न पडतात, तोच आई माझ्या कानाशी कडाडली, "आता मसाला कशावर वाटू गं, भवाने?"

तिन्ही घरांत मिळून पाटा एकच, आणि तो देव झालेला! देवाच्या पोटावर मिरची रगडणार कोण?

पंगत बसली. तात्यांनी आमटी भुरकली.

"पाव्हणं, मिर्ची कावून न्हाई?"

"आमच्या मारुतीला तिखट चालत न्हाई!" आबांनी हात जोडले.

"लई कडक देव हाय!" तात्यांनी घाबरून आणखी दोनदा आमटी मागून घेतली. निघताना आबांच्या हातावर दोन रुपये ठेवले. "देवाला चौथरा बांधा. उसने हायेत बरं का, दान न्हाई!"

त्या रुपयांचा आबांनी सिरसाळ्याच्या बाजारातून नवा पाटा आणला. चौथऱ्याचं विचारलं की सांगत, "देवानं कौल दिलाय, उघड्यावरच ठेवा." तात्या दर खेपेला मारुतीपुढं एक आणा ठेवीत. गाडी वळली की आबा तो गाडग्यात टाकीत.

काही वर्षांनी आबांनी ते गाडगं माझ्याकडं दिलं. मी ते तात्यांपुढं पालथं केलं. त्यांनी एकेक आणा वाजवून घेतला. दोन रुपये पुरते फिटले!

"सूनबाई, तुज्या बापासारका इमानदार माणूस न्हाई."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. घरातले म्हणाले, "किती लाजती बाई!"