सरला फणसे यांची चांदणीवाली यादी

६ जानेवारी २०२४ रोजी इंदूरच्या रक्तसेतू मंडळाच्या कार्यालयात सत्तेचाळीस हजार दोनशे रुपयांचं कोटेशन आलं. चाळीस हजार कामाचे आणि सात हजार दोनशे जीएसटीचे. मंडळाची रक्तदात्यांची यादी फॉक्सप्रो नावाच्या जुन्या संगणक-प्रणालीतून काढून नव्या ऑनलाइन प्रणालीत नेऊन देण्याचा तो भाव होता. सचिव मनीष शितोळे यांनी तो कागद मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला.

"नेटवर जे फ्रीमध्ये होतं, त्याचे सत्तेचाळीस हजार? भिया, आपण काय येडे आहोत?"

खोलीत उत्तर देण्याजोगं माणूस एकच होतं, सरला फणसे. सचिवांच्या प्रश्नांना उत्तरं न देण्याची सवय त्यांना फार वर्षांची होती.

सरलाताई बी.कॉम. झाल्या आणि सत्त्याण्णव साली मंडळात लागल्या. फणसे घराण्यातल्या कुणा पूर्वजाने होळकरांच्या फडावर लेखणी चालवली होती म्हणे. लग्नात सासऱ्यांनी ही गोष्ट तीनदा सांगितली, तेव्हाच त्यांनी ओळखलं की या घरात सांगण्यासारखं दुसरं काही नाही. लोकमान्य नगरातून सकाळी साडेनऊला निघायचं, दहाला कुलूप उघडायचं, संगणकाला फडकं मारायचं आणि फोनची वाट बघायची, हे त्यांचं सत्तावीस वर्षांचं आयुष्य. इंदुरात कुणाला रक्त लागलं की फोन वाजायचा आणि सरलाताई माणूस शोधून द्यायच्या. या काळात पाच सचिव झाले. पहिला वेळेवर यायचा. बाकीच्यांबद्दल त्यांना एवढंही चांगलं बोलता आलं नसतं.

पाचव्याची तर गोष्टच सोडा. मनीषजींच्या खिशाला तीन पेनं असत आणि तिन्हींवर औषध कंपन्यांची नावं. भिंतीवरचं कॅलेंडर बँकेचं, पिशवी प्रदर्शनातली, संगणकातला अँटीव्हायरस तीस दिवसांच्या ट्रायलचा, तोही दर महिन्याला नव्या ई-मेलवर घेतलेला. फुकटचं पोहे-जिलबीचं आमंत्रण असलं की हा गृहस्थ शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा आणि पेट्रोलचा हिशेब विसरायचा. अशा माणसाने डेटाबेस हलवायचं फुकट टूल शोधलं नसतं तरच नवल.

आता या यादीची एक खुबी होती. फॉक्सप्रोत नाव काढून टाकलं तरी ते लगेच जात नाही. त्याच्यापुढे नुसती एक चांदणी लागते आणि ते लपून बसतं. कायमचं घालवायचं तर वेगळी आज्ञा द्यावी लागते. सरलाताईंनी ती सत्तावीस वर्षांत एकदाही दिली नव्हती. दाता वारला, पासष्टचा झाला, त्याला कावीळ झाली की त्या चांदणी लावायच्या आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहायच्या: पोरं किती, भाऊ कुठे, कुणाचा गट काय. तेरावं झालं की महिनाभराने घरी फोन करायच्या. बाप गेला तर मुलगा मिळवायचा, ही त्यांची रीत. लोक त्यांना व्यवहारी म्हणत. रक्त काही झाडाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही चांदणीची गोष्ट त्यांनी मनीषजींना एकदा सांगितली होती. आधी चांदणीवाले वेगळे काढा, मग टूल चालवा, आणि शेऱ्यांची फाईल वेगळी असते तीही घ्या, इतक्या स्वच्छ शब्दांत. मनीषजी मोबाईलवरून नजर न हलवता म्हणाले, "ताई, टेन्शन नका घेऊ. टूल सगळं समजतं."

सरलाताईंनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ज्याला एकदा सांगून कळत नाही त्याला दोनदा सांगणं म्हणजे स्वतःची किंमत कमी करणं, असं त्या मानत.

१५ मार्चला, शुक्रवारी, टूल चाललं. चाळीस मिनिटांत काम आटोपलं. जुन्या यादीत तीन हजार एकशे बारा दाते होते, नव्या पडद्यावर चार हजार एकशे अठ्ठावन्न दिसू लागले. मनीषजींनी आकडा दोनदा वाचला आणि हरखले. मंडळाचे दाते एका दुपारीत हजारावर वाढले, हे अहवालात घ्यायचं ठरलं. जुना संगणक भंगारात द्यायचा म्हणून कोपऱ्यात ढकलला, त्याचा कीबोर्ड तेवढा नव्याला लावला. नवा कीबोर्ड विकत घ्यावा लागला असता.

सरलाताईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. एक हजार शेहेचाळीस. चांदणीवाले नेमके तेवढेच होते. सगळे उठून बसले होते.

त्या गप्प राहिल्या. रविवारी, चोवीस तारखेला वार्षिक सभा होती. अध्यक्षांसमोर मनीषजी तो आकडा वाचतील, टाळ्या पडतील, आणि मग आपण उभं राहून विचारायचं, की यातल्या किती जणांचं श्राद्ध झालंय? हे वाक्य त्यांनी शनिवारी भाजी निवडताना दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिलं होतं. नऊ दिवसांचा तर प्रश्न होता.

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी हृषीकेश नावाच्या माणसाचा फोन आला. त्याची बायको, शलाका, एका नर्सिंग होममध्ये होती. गर्भाशयातल्या गाठीतून रक्त जात होतं, थांबत नव्हतं. ऑपरेशन संध्याकाळी पाचला. बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या हव्यात, त्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. रक्तपेढीत एकही नव्हती. रक्त घेतल्यावर तपासण्यांना चार तास लागतात, तेव्हा दाते एकच्या आत पेढीत पोहोचायला हवे होते. हृषीकेश हे सगळं हिशेब सांगावा तसं सावकाश सांगत होता.

मंडळात फोन घ्यायला ठेवलेली मुलगी पलक हिने नव्या पडद्यावर गट टाकला.

"ताई, अकरा निघाले. अकरा!"

मनीषजी खुर्चीत मागे रेलले. "बघा. सिस्टिम याला म्हणतात."

जुन्या यादीत जिवंत बी निगेटिव्ह चारच होते, हे सरलाताईंना पाठ होतं. त्या चारांची नावं त्यांनी पलकला ताबडतोब सांगितली. पहिला, कॉलेजातला लायब्ररियन, अर्ध्या तासात पोहोचतो म्हणाला. दुसरा मुलीकडे पुण्याला. तिसऱ्याने महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. चौथा सांवेरला सोयाबीनच्या सौद्यात, त्याचा फोन बंद. एक पिशवी झाली, एक बाकी.

आता उरलेले सात म्हणजे कोण, हे सांगायची हीच वेळ होती. सांगायला सरलाताईंनी तोंड उघडलं, पण तोवर पलकने पुढचा नंबर लावला होता. तो अस्तित्वात नव्हता. त्यानंतरचा एका बाईने उचलला, नाव ऐकलं आणि ठेवून दिला. मग महूचा नंबर लागला. फोन स्पीकरवर होता.

"कचरू सकपाळ आहेत का? त्यांचं ब्लड पाहिजे होतं, अर्जंट आहे."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला. "मी त्यांची घरवाली, भीमाबाई. ते तर गेले, बाई. सहा साल झाले. तुमच्याच मंडळाची चिठ्ठी आली होती, दुःखाची. मी ठेवलीय ती. आता तुम्हीच रक्त मागता त्यांचं?"

पलकचा चेहरा उतरला. मनीषजी पंख्याकडे बघू लागले, जणू चूक पंख्याची होती.

ती चिठ्ठी सरलाताईंनी स्वतः लिहिली होती. त्यांनी फोन घेतला.

"जय भीम, भीमाबाई. मी सरला. चूक आमची आहे. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

एवढं त्या कुणाला पहिल्यांदाच म्हणत होत्या, आणि नेमकं मनीषजींच्या समोर. मग त्यांनी मुलाचं विचारलं. पंचशील मानपुरात धर्मकाट्यावर काम करतो, ट्रक तोलतो, असं भीमाबाई म्हणाल्या. त्याचा नंबर पाठ नाही, मोबाईलमध्ये भरलेला आहे आणि तो कसा बघायचा ते नातीलाच ठाऊक, ती शाळेत गेलीय. गट कोणता, तेही माहीत नाही.

सरलाताईंना अंधुक आठवत होतं. त्यांनी नव्या पडद्यावर कचरू सकपाळांचा शेरा उघडला. रकाना कोरा होता. खालचा कोरा, वरचा कोरा. फुकटच्या टूलने मेलेली माणसं आणली होती आणि सत्तावीस वर्षांचे शेरे तिथेच सोडले होते.

त्या उठल्या. पलक टाईप करत असतानाच तिच्या हाताखालचा कीबोर्ड उपटला, कोपऱ्यातला संगणक ओढला आणि वायर लावली. मनीषजींनी विचारलं, काय करताय. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. जुनं धूड चार मिनिटं घरघरलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली: "मुलगा पंचशील, बी निगेटिव्ह, आता वय सोळा, दोन वर्षांनी विचारावे." खाली त्याचा नंबर.

दोन वर्षांनी विचारायचं राहून गेलं होतं. ते टूलवर ढकलता येण्यासारखं नव्हतं.

सरलाताईंनी आईला गेलेल्या फोनसकट सगळं सांगितलं, तेव्हा पंचशीलने एवढंच विचारलं, "आईला फोन तुम्हीच केला होता का?" मग पत्ता घेतला. मालकाशी भांडून तो मोटरसायकलने निघाला आणि एक वाजायला दहा मिनिटं असताना रक्तपेढीत टेकला. हृषीकेश दारातच उभा होता. त्याने पंचशीलचा हात धरला तो सुई टोचेपर्यंत सोडला नाही. पाचचं ऑपरेशन साडेपाचला सुरू झालं. शलाका पाचव्या दिवशी घरी गेली.

सभेत मनीषजींनी चार हजार एकशे अठ्ठावन्न हाच आकडा वाचला. टाळ्या पडल्या. सरलाताई पाठ केलेलं वाक्य बोलल्या नाहीत. ते बोलायचा अधिकार त्यांना आता वाटत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज चाळीस नावं जुन्या पडद्यावरून बघून नव्यातून काढू लागल्या आणि मंगळवारी पडद्यावर निघालेल्या सात चांदणीवाल्यांच्या घरी आधी स्वतः जाऊन आल्या. भीमाबाईंनी चहा दिला, पण फार बोलल्या नाहीत.

पंचशीलच्या पेट्रोलचं व्हाउचर सरलाताईंनी त्याच आठवड्यात केलं होतं, दोन लिटरचं. रक्ताचे पैसे देता येत नाहीत, असा शेरा मारून मनीषजींनी ते परत केलं. सरलाताईंनी आपल्या पर्समधून द्यायला काढले, तर पंचशील म्हणाला, तुमचे नकोत, मंडळाचे द्या.

मंडळाकडून त्याचे दोनशे सोळा रुपये येणे आहेत.