डेअरीच्या फळ्यावरचं बिकॉज

आधी हातातला कप खाली ठेवा, मग सांगतो. मागं एकाला हे सांगत होतो तर त्याच्या नाकातून चहा आला. माझ्या फजितीपायी आणखी कुणाची व्हायला नको.

तर मी निवृत्त झालो. तीस वर्षं इंदापुरात हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आणि कळसला घरी येऊन बसलो. आता इंग्रजीचा मास्तर घरी बसला की काय होतं, ते आमच्या हिला विचारा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी माझ्या बोलण्यात चुका काढताय. मराठीतल्या. बाहेर जावा कुठंतरी."

म्हणून क्लास काढला. फुकट. गावातल्या पाच मुली यायच्या. जागा कुठली, तर गावची दूध डेअरी. सकाळचं दूध टँकरनं बारामतीच्या प्लँटला गेलेलं असतं, संध्याकाळचं यायचं असतं, मधली दुपार ओसरी मोकळी. शिवाय भिंतीवर मोठा फळा. डेअरीचे सेक्रेटरी दत्तूतात्या त्यावर गावासाठी सूचना लिहायचे. तात्यांनी कुरकुरत का होईना, दुपारपुरता फळा मला दिला. अट एकच, जाताना पुसून जायचं.

त्या पाचांत एक रेखा. पोरगी हुशार, पण इंग्रजीत अर्ध्या वाक्यावर गाडी बंद पडायची. आणि नेमकी त्याच बारामतीच्या प्लँटमध्ये, ऑफिसात, एक जागा निघालेली. सोमवारी मुलाखत. जागा मिळाली तर त्या पगारावर ती घरून येऊनजाऊन पुढचं शिकणार होती. नाही मिळाली तर वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मग बास झालं शिक्षण. घरी थांब."

मी तिला विचारलं, "ही नोकरी तुला का हवी आहे, इंग्रजीत सांग."

"आय वाँट धिस जॉब," ती म्हणाली आणि थांबली. का हवी, ते सांगायची वेळ आली की खाली बघायची.

म्हटलं, ठरलं. आठवडाभर एकच शब्द. बिकॉज.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं, बिकॉज म्हणजे कारण. तसं नाही. आपण मराठी माणसं आधी कारण सांगतो, मग 'म्हणून' जोडतो. उशिरा आलेला माणूस आधी पंक्चर सांगतो, मग वाटेत भेटलेला पाहुणा सांगतो, आणि उशिराचं शेवटी. इंग्रज आधी कबूल करतो की उशीर झाला, मग बिकॉज, मग पंक्चर. एवढी एक सवय मोडली की इंग्रजी निम्मं आलंच, असं माझं मत होतं. अजूनही आहे, पण आता कुणी विचारत नाही.

शुक्रवारी शेवटचं उदाहरण दिलं. पुस्तकातला जॉन लंडनला जातो, त्याचं आमच्या मुलींना काय? म्हणून गावातलं वाक्य घेतलं. मिल्क विल नॉट बी कलेक्टेड टुमारो बिकॉज द टँकर इज ब्रोकन. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार. बिकॉजखाली दोन रेघा मारल्या. मागं सरून बघितलं, आणि खरं सांगतो, ते पुसवेना. इतकं सुंदर वाक्य उतरलं होतं. म्हटलं, राहू दे, येताजाता चार लोकांची नजर पडेल.

पडली की.

संध्याकाळी गाव किटल्या घेऊन डेअरीवर आलं. आता आमच्या गावात मी सोडून इंग्रजीचे दुसरे जाणकार म्हणजे फौजी आबा. मिलिटरीतून आलेले. आबांनी चष्मा लावला, फळा मोठ्यानं वाचला आणि गावाला अर्थ सांगितला, "उद्या दूध न्हाय घेणार. टँकर मोडलाय."

आबांचं भाषांतर शंभर टक्के बरोबर होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं.

कुणीतरी आत तात्यांना विचारलं, "व्हय तात्या, उद्या बंद हाय?"

आता इथं खरी गंमत आहे. तात्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि हे गावाला कळू नये म्हणून ते फार जपतात. त्यांना वाटलं, इंग्रजीत आहे म्हणजे बारामतीचा साहेब येऊन लिहून गेला. मास्तर फळा पुसून जातात हे ठरलेलंच. प्लँटला फोन करावा, तर विचारणार काय? तुमची नोटीस वाचता आली नाही म्हणून? तात्या म्हणाले, "व्हय. मला म्हाईत हाय."

झालं, शिक्कामोर्तब.

यातलं मला काही ठाऊक नाही. शनिवारी सकाळी फिरायला निघालो तर गावभर आटत्या दुधाचा वास. पहिल्याच घरातून हाक आली, "सर, या की. गरम खवा हाय." बसलो, खाल्ला. पुढच्या घरी बासुंदी. तिसऱ्या घरी पुन्हा खवा, वर साखर पेरून. वासरं पोट भरून दारात आडवी पसरलेली. आणि मी काय समजलो असेन? मी समजलो, क्लास फुकट चालवतो म्हणून गाव माझा मान करतंय. तिसऱ्या घरी तर मी म्हणालो सुद्धा, "अहो, यात विशेष काही नाही, मी आपलं कर्तव्य करतो."

ते लोक माझ्याकडे बघतच राहिले.

इतक्यात डेअरीकडून हॉर्न ऐकू आला. लांबलचक. गेलो बघायला. टँकर उभा, ड्रायव्हर खाली उतरलेला, डेअरीला कुलूप. तात्या धोतर सावरत धावत आले.

"दूध कुठंय तात्या?" ड्रायव्हरनं विचारलं.

"अरं, तुझा टँकर मोडलाय न्हवं?"

"माझा? मग मी हितवर काय पळत आलो?"

तात्यांनी फळ्याकडे बोट केलं. गाव गोळा झालेलं. सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं, मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. माझ्या मिशीला खवा.

मी म्हणालो, "अहो, ते उदाहरण होतं. बिकॉजचं."

"उदाहरण?" तात्या म्हणाले.

मी फौजी आबांकडे वळलो. म्हटलं, "आबा, तुम्ही तरी एकदा विचारायचं मला."

आबा शांतपणे म्हणाले, "सर, नुसतं बंद लिवलं असतं तर विचारलं असतं. तात्या रोज काहीबाही लिवतोय, आमी कुठं मानतो. पर तुमी कारण दिलं व्हतं. कारण दिल्यावर माणूस काय इचारणार?"

तीस वर्षांत बिकॉजचं इतकं चांगलं स्पष्टीकरण मला जमलं नव्हतं.

ड्रायव्हरनं मोबाइल काढला, फळ्याचा फोटो घेतला, प्लँटच्या साहेबांना पाठवला आणि रिकामा टँकर घेऊन निघून गेला. तात्या म्हणाले, "सर, आजपासनं क्लास बंद. आन् कारण इचारू नका."

क्लासचं मला तितकं वाटलं नाही. पण गर्दीच्या कडेला रेखा उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सोमवारी तिला त्याच साहेबांपुढं बसायचं होतं, आणि साहेबांच्या मोबाइलमध्ये आता माझं वळणदार अक्षर जाऊन बसलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. म्हटलं, "रेखा, मी येतो तुझ्याबरोबर. साहेबांना सगळं समजावून सांगतो."

"नको सर," ती घाईनं म्हणाली. "तुमी नगा येऊ."

सोमवारी मला जेवण गेलं नाही. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होतो. पोरीचं शिक्षण माझ्या दोन रेघांपायी थांबतंय, हा विचार काही डोक्यातून जाईना. ही आतून म्हणाली, "आता बसा गप. ती यील तवा यील."

पाचच्या एसटीनं रेखा आली. हातात पेढ्यांचा पुडा. पाया पडली. म्हणाली, "सर, लागली नोकरी. पहिल्या तारखेपासनं या म्हणाले."

माझा जीव भांड्यात पडला. विचारलं, "फोटोचं काही निघालं का गं?"

"निघालं की. साहेबांनी पहिल्यांदा तोच दाखवला. म्हणाले, कळसची ना तू? मग तुला इंग्रजी कुणी शिकवलं?"

"मग काय सांगितलंस?"

तिनं खाली बघितलं. "राग न्हाय ना येणार सर?"

"अगं, बोल."

आणि ती बोलली. एका दमात, न अडखळता, माझ्या डोळ्यांत बघून. "आय लर्न्ट इट ऑन माय मोबाइल, सर, बिकॉज देअर इज नो इंग्लिश टीचर इन अवर व्हिलेज."

म्हणजे, मी मोबाइलवर शिकले, कारण आमच्या गावात इंग्रजीचे मास्तरच नाहीत.

मी पेढा तोंडात टाकला आणि ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. काळ बरोबर, क्रम बरोबर, बिकॉज अगदी जागच्या जागी. कुठं एक चूक सापडली असती तरी मला जरा बरं वाटलं असतं.