बोल्टाखालचा रंग

"तिसरी शिकलेल्या माणसाच्या हातात मशीन दिलं की असंच होणार."

आमच्या कारखान्याचा साहेब हे लॅबमधल्या सगळ्यांसमोर बोलला. माझ्याकडे बोट दाखवून. वर म्हणाला, "काका, तुम्ही दाराबाहेर थांबा. बंद खोली आहे, मासळीचा वास कोंडतो."

थांबलो बाहेर. मी, त्याच्या बापाच्या वयाचा माणूस.

मी पाचूबंदरचा कोळी. होडी विकली तेव्हापासून वालीवच्या कारखान्यात आहे. आम्ही वजनकाटे बनवतो. विजेवर चालणारे, पत्र्याच्या अंगाचे, वर निळा रंग. बाजारात मासळी तोलतात, ते. असा काटा विकण्याआधी लॅबमध्ये पास करून घ्यावा लागतो. तिथल्या एका खोलीत भिंतींना फोमचे सुळके आहेत. दार लावलं की मोबाईलसुद्धा मुका होतो. मशीन हवेत विजेची किती खरखर सोडतं, शेजारचं दुसरं मशीन त्याने बिघडेल का, ते त्या खोलीत मोजतात. आणि बाजूच्या टेबलावर बघतात, पत्र्याला हात लावला तर माणूस मरेल का.

आमचा काटा दोन्हीकडे नापास झाला.

का झाला ते मला ठाऊक होतं. अर्थिंगची वायर पत्र्याला बोल्टाने आवळायची असते. त्या बोल्टाखालचा रंग खरवडायचा. रंगातून वीज जात नाही. नाही खरवडला तर वायर नुसती शोभेला. मी खरवडायला घेतलं होतं, साहेबानेच माझा हात धरला होता. "चरे नकोत काका, सँपल आहे. चकाचक दिसू दे."

लॅबच्या मॅडमनी बोल्ट खोलला. "खाली रंग तसाच आहे. कोणी जोडलं हे?"

"ह्याने," साहेब म्हणाला.

खिशात करवतीच्या पात्याचा तुकडा असतो माझ्या. काटा घेऊन तिथंच दाराबाहेर उकिडवा बसलो, रंग काढला, दातेरी वायसर घातला, आवळलं. दुपारी काटा पास. दोन्हीकडे.

सर्टिफिकेट आलं त्या दिवशी शेठने पेढे वाटले. साहेब माझ्या टेबलाशी आला. "आता मालावर खरवडत बसू नका. वेळ जातो."

"पण अर्थिंग लागत नाही हे मीटर दाखवेल ना."

"मीटर लावायचाच नाही. तुम्ही फक्त सही करा."

ह्या सहीचं सांगतो. प्रत्येक काट्याबरोबर एक कागद जातो. त्यावर छापलेलं असतं, तपासले. खाली माझी सही. माझ्या बापाने जन्मभर अंगठा दिला. मी मुलीकडून विसरलेली अक्षरं गिरवून घेतली, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर सही घटवली. एवढे शिकलेले लोक कारखान्यात, आणि कागदावर सही माझी! केवढा ताठ चालायचो मी.

त्या दिवशी मी सह्या केल्या. लपवत नाही. गठ्ठाभर केल्या.

घरी आलो तर बायको नुकतीच बाजारातून आलेली. पाटी उतरवून हात धूत होती. बोटं पांढरी, सुरकुतलेली. मी विचारलं, "काट्याला हात लावतेस तेव्हा हात कोरडा असतो का तुझा?"

ती हसली. "येड लागला का तुमाला? सकालपासून पान्यातच हात आमचा. कोरड्या हातान मासली कोन इकतं?"

मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबाला सांगायला गेलो. तो शेठशी फोनवर होता. मी समोर उभा. मला बघूनही बोलत राहिला, जसं खुर्चीसमोर बोलावं. "नाही शेठ, माझी सही कशाला? म्हाताऱ्याचीच बरी. उद्या कुठे कोणाला शॉक लागला तर सांगू, अडाणी माणूस, चुकीचं तपासलं त्याने."

म्हणजे सही माझी का होती, ते मला एवढ्या वर्षांनी कळलं.

मी परत टेबलाशी गेलो. कालचा गठ्ठा अजून तिथंच होता. एकेक कागद काढला, माझ्या सहीवर काट मारली. शेजारी लिहिलं, "बोल्टाखाली रंग आहे. तपासले नाही." अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं.

साहेब धावत आला. "ए म्हाताऱ्या, डोकं फिरलं का?" त्याने हातातला कागद फाडला. मी दुसरा घेतला, तेच लिहिलं. तोही फाडला. मी तिसरा घेतला.

मग वॉचमनला बोलावून मला गेटबाहेर काढलं. सगळे बघत होते. कोणी हललं नाही. मीही मान खाली घातली नाही.

आता ते काटे बाजारात येतील. दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन येतील. येऊ देत. पात्याचा तुकडा माझ्या खिशात आहे, पाना आहे. पाचूबंदरापासून नायगावपर्यंत जिथं निळा काटा दिसेल तिथं तो उलटा करीन, बोल्ट खोलीन. खाली रंग दिसला तर ज्या बाईचा तो काटा, तिला तिथंच दाखवीन. हा कोणी बनवला, कोणी पास केला आणि कोणी खरवडू दिला नाही, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगीन. नाव घेऊन.

तिसरी शिकलोय. साहेबाचं नाव मला लिहिता येतं.