उलटी बसलेली पायरी

काल अमरावतीला दादाच्या नव्या व्हीलचेअरची पाय ठेवायची पट्टी उलगडली. खट्ट आवाज झाला आणि धरणाकाठचं ते ऊन अंगावर आलं.

वलगावच्या वर्कशॉपात आम्ही दोघा भावांनी शिडाची होडी बांधली होती. दोर अडकू नयेत म्हणून डोलकाठीला दुमडणाऱ्या पायऱ्या मीच निवडल्या, मीच बसवल्या. त्या वरच्या बाजूला दुमडतात, त्यामुळे पायाच्या भारानं मिटत नाहीत. एक मात्र माझ्या हातून उलटी बसली. ते लक्षातही आलं होतं, पण रिवेट तोडायचा कंटाळा केला. घट्ट आहे, चालून जाईल म्हटलं.

होडी धरणाकाठी नेल्यावर दादा हसत डोलकाठीवर चढला. "तुया पायऱ्यायवर तं बैलही चढन बे!"

मग खट्ट. ताज्या रंगाच्या वासात तो खाली पडलेला, आणि मी नुसता उभा.

"दादा, तुया पाय घसरला," मीच म्हणालो. तोही आजवर सगळ्यांना तेच सांगत आला.

काल दादाला सारं सांगून टाकलं. त्यानं विचारलं,

"आता कावून सांगून राहिला?"

मग आपला पाय हातानं उचलून ठेवण्याआधी त्यानं ती पट्टी दाबून पाहिली.