घट बसले की चाकं बसवायची

मिनेसोटातली आमची मराठी मंडळी जमली की मुलांच्या शाळा, ग्रीन कार्ड, कुणाच्या आईचं येणं-जाणं हे सगळं जेवणाआधी उरकतं. जेवणानंतर फक्त चाकं. कोण कुठे घसरलं, कुणाचं काय घासलं. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा तयार असतो, आणि दर हिवाळ्यात आणखी एकाची भर पडते. सगळे पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. एक तर मी भित्री, आणि दुसरं म्हणजे त्यातल्या बऱ्याच वेळा मी गाडीत होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही. माझी नोकरी नदीपलीकडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. रोज सकाळी मागच्या सीटवर आमची पाच वर्षांची मेघना आणि समोर तो लांबलचक पूल. कठडा इतका बुटका की गाडीत बसून खालचं काळं पाणी दिसायचं. पूल संपेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

*

देवकाका आमच्यातले सगळ्यात जुने. भूल देणारे डॉक्टर. नवीन कोणी आलं की काका त्याला आधी थंडीच्या चाकांचं लेक्चर द्यायचे. दरवर्षी नुसते टायर काढून घालण्यापेक्षा स्नो टायर चढवलेला चाकांचा दुसरा सेटच ठेवायचा. "घट बसले की चाकं बसवायची," असा त्यांचा नियम. इथे कधीकधी नवरात्रातच बर्फ पडतो, त्यामुळे नियम सगळ्यांना पटला.

पण पहिल्या वर्षी काकांनी स्वतःचा सेट मागवला तो कॅटलॉगमधला फोटो बघून. गाडीला बोल्ट चार, चाकाला भोकं पाच. काका गॅरेजमध्ये चाक फिरवून फिरवून बघतायत, जणू एखाद्या बाजूने जमेल. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, भूल द्यायच्या आधी पेशंटचं वजन तरी विचारता ना?"

सेट परत गेला, दुसरा आला. या वेळी भोकं बरोबर चार. नट आवळले, जॅक उतरवला, काका ऐटीत आत बसले. गाडी जागची हलेना. चाक आतल्या बाजूने ब्रेकवरच टेकलं होतं. काका खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "एवढे भारी ब्रेक अख्ख्या अमेरिकेत कुणाच्या गाडीला नसतील."

*

हे ऐकून विनायक चौधरी, आमचा नागपूरचा सिव्हिल इंजिनिअर, फूटपट्टी घेऊनच बसला. भोकं मोजली, भोकांमधलं अंतर मोजलं, ब्रेकला जागा किती तेही मोजलं. चाक बाहेरच्या बाजूला किती येतं, तेवढं मोजायचं राहिलं. सरळ रस्त्यावर गाडी मस्त चालायची. उजवीकडे वळवली की टायर मडगार्डला करकरून घासायचा.

मग विनायकने उजवीकडे वळणंच सोडलं. "तीनदा डावीकडे गेलं की माणूस उजवीकडेच पोचतो यार, साधी जॉमेट्री आहे." इथे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रॅफिकला आडवं जायचं, तेही बर्फावर. मी एकदा त्याच्या गाडीत बसले. दोन ट्रक समोरून येत होते आणि हा वळला. त्यानंतर आठवडाभर मला ते दिवे डोळे मिटले तरी दिसत होते.

संकष्टीला तो आमच्याकडे जेवायला येणार होता. चंद्र उगवून वर आला, मोदक गार झाले, तरी याचा पत्ता नाही. शेवटी आला. मी विचारलं, "घर सापडलं नाही का?"

"सापडलं ना वहिनी. पण ते उजवीकडे होतं."

*

आता आमचा. त्या वर्षी एक कुटुंब इथून उठून अ‍ॅरिझोनात चँडलरला गेलं. जाताना त्यांनी आम्हाला इडलीपात्र, पोळपाट आणि थंडीच्या चाकांचा सेट दिला. "तिकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये," म्हणाले. इतक्या प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं?

माधव, माझा नवरा, मेकॅनिकल इंजिनिअर. घट बसले त्या दिवशी त्याने चाकं चढवली. भोकं पाच, बोल्ट पाच. ब्रेकला टेकत नाही, मडगार्डला घासत नाही. "बघ, परफेक्ट फिट." फक्त नट आमच्या जुन्या चाकांचेच लावले. त्यांचं बूड सपाट. या नव्या चाकांना निमुळत्या बुडाचे नट लागतात, ते भोकात नीट रुततात. पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी नट घट्ट बसले, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पुलावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. घरी येऊन माधवला सांगितलं.

"माधव, चाक हलतंय."

"चाक नाही, तुझे हात हलतायत."

तरी रोज संध्याकाळी माझ्या समाधानासाठी तो अधिकच्या चिन्हासारखा पाना घेऊन खाली जायचा आणि नट आवळायचा. प्रत्येक नट थोडा फिरायचाच.

"फिरतोय म्हणजे सैल झाला होता ना?"

"नवीन चाकांना रुळायला वेळ लागतो गं."

काकांकडे आरतीला गेलो तर तिथेही माझीच चेष्टा. विनायक म्हणाला, "वहिनी, मला वळता येत नाही, तरी मी शांत झोपतो." मीसुद्धा वरवर हसले. मनात सकाळचा पूल होता. सासूबाई त्या वर्षी सांगलीहून आल्या होत्या. त्या कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या.

*

मग खंडेनवमी आली. घरातली अवजारं पुजायचा दिवस, आणि पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही. आईंनी पाटावर विळी, कात्री, माधवचा स्क्रू ड्रायव्हर आणि धुऊन पुसून तो पानाही मांडला. झेंडू इथे कुठला मिळणार, पिवळी शेवंती वाहिली.

संध्याकाळी माधवने हात पुढे केला. "आई, तेवढा पाना दे."

"आज नाही."

"सुनंदा घाबरते अगं."

"उद्या."

माधव माझ्याकडे येऊन म्हणाला, "बघ, देवानेच सुट्टी दिली."

दसऱ्याच्या सकाळी तो दुसऱ्या गाडीने लवकर गेला. आईंना रोजच्यासारखं दिवसभर काकूंकडे सोडायचं होतं. नऊवारीवर माधवचा जाड कोट, मांडीवर मोठी कापडी पिशवी, अशा त्या मेघनाशेजारी मागे बसल्या. रात्री पडलेला बर्फ रस्त्याच्या कडेला साचला होता.

पूल दिसायला लागला आणि पुढून आवाज सुरू झाला. टक, टक, टक.

"आजी, द कार हॅज हिकप्स," मेघना म्हणाली.

मागचा ट्रक हॉर्न देत होता. मला वाटलं, थांबले तर सगळे पुन्हा हसतील. पुलाची पाटी आली, आणि मी गाडी कडेला घातली.

उतरले. पुढच्या चाकावरची गोल झाकणी ओढली, तर आतून नट खडखडत बर्फात पडले. बोल्टवर दोनच उरले होते, तेही बोटाने फिरत होते. समोर पूल, खाली पाणी. मी तिथेच बर्फात बसले आणि रडायला लागले.

आई कोट सावरत उतरल्या. पिशवीतून खणात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. पाना होता. त्यावरचं कालचं कुंकू अजून तसंच होतं.

"आई, हा तुम्ही बरोबर आणलात?"

"रोज पुलाच्या आधी तू श्वास धरतेस. मागे बसलं की दिसतं."

"मग काल का नाही दिलात?"

"काल नवमी होती," आई म्हणाल्या, आणि वाकून बर्फातले नट वेचायला लागल्या.